स्टॅक केल्यावर उजळ कोपरे आणि डोनट : भाड्याच्या दुर्बिणीच्या डेटातला नेहमीचा घोळ

ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगची नाहीतर चिलीतली दुर्बीण इंटरनेटवरून तासावर भाड्याने घेतली, फाइल्स उतरवल्या, स्टॅक केल्या (एकाच विषयाचे अनेक फोटो एकावर एक रचून एक केले), आणि चित्र आलं ते मधे काळपट, कोपऱ्यांत उजळ, वर डोनटची, म्हणजे धुळीच्या गोल सावल्यांची नक्षी. या तक्रारीचे स्क्रीनशॉट मी इतके पाहिलेत की आता चित्र बघण्याआधी फाइलचं हेडर, म्हणजे तिच्यातली नोंदींची यादी, मागतो. दुर्बीण बिघडलेली क्वचितच असते. बहुतेक वेळा लाइट फ्रेम (आकाशाचा प्रत्यक्ष फोटो) एका अवस्थेतली आणि तिला लावलेले डार्क (अंधारात घेतलेली, गरम पिक्सेल वजा करायची फ्रेम) नि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची, छाया नि डाग भागून काढायची फ्रेम) दुसऱ्या अवस्थेतले, एवढंच झालेलं असतं. स्वतःच्या दुर्बिणीवर डार्क-फ्लॅट आपणच घेतो, त्यामुळे ते कधीचे नि कसे घेतले हे ठाऊक असतं. भाड्याच्या दुर्बिणीवर ते दुसऱ्या कुणी, दुसऱ्या एखाद्या रात्री घेतलेले आयते मिळतात, आणि जोडी जुळते आहे का हे बघायचं राहून जातं.

खालच्या तपासण्या फुकटातल्या आणि दोन मिनिटांच्या कामापासून सुरू होतात नि वेळखाऊ कामाकडे जातात. क्रम मोडू नका. थेट पाचव्या पायरीवर उडी मारून रात्रभर फ्लॅटशी झटापट करणारे लोक दुसऱ्या पायरीवर सुटले असते.

लक्षणं

आपलं चित्र यातल्या कशात बसतं ते आधी ठरवा. एकाहून जास्त लक्षणं एकदम असू शकतात.

- फाइल उघडली की नुसता काळा चौकोन, त्यात दोन-चार तारे.
- कोपरे मध्यापेक्षा उजळ, धुळीचे डोनटही आसपासच्या आकाशापेक्षा उजळ.
- कोपरे काळपट, डोनट पुसट पण शिल्लक.
- डोनट अर्धा उजळ, अर्धा काळा, जणू कागदावर उठाव दिल्यासारखा.
- एकच डोनट स्टॅकमध्ये दोनदा, चित्राच्या समोरासमोरच्या बाजूंना.
- पार्श्वभूमीवर काळे किंवा पांढरे बारीक ठिपके, स्टॅक केल्यावर त्यांच्या तिरप्या रेघा.
- रंगीत कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये सगळं हिरवट किंवा जांभळट, रंग भलतेच.
- एका बाजूकडून दुसरीकडे जाणारा उजेडाचा उतार, जो प्रत्येक फ्रेममध्ये थोडा वेगळा.
- तारे लांबुळके.

शेवटची दोन लक्षणं कॅलिब्रेशनची, म्हणजे डार्क-फ्लॅट लावून करायच्या दुरुस्तीची नाहीत. त्यांचं काय करायचं ते पुढे येईलच, पण त्यांच्यासाठी फ्लॅट बदलत बसू नका.

आणखी एक गोष्ट आधीच करून ठेवा. सेवेकडून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर करा. सेवेच्या सर्व्हरवर फाइल्स कायम राहतीलच याचा भरवसा नाही, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर न हाताळलेली फाइलच पुरावा म्हणून चालते.

१. चित्र खरंच काळं आहे, की नुसतं दिसतंय?

फिट्स (खगोलशास्त्रातला फोटोंचा फाइल-प्रकार) फाइलमधला डेटा सरळ रेषेतला असतो, म्हणजे सेन्सरने जितका प्रकाश मोजला तितकाच आकडा. १६ बिटमध्ये वरची मर्यादा ६५,५३५ ची, आणि चांगल्या अंधाऱ्या ठिकाणी आकाशाची पार्श्वभूमी हजार-दीड हजारांवर. पडद्यावर ती काळीच दिसणार. सिरिल या स्टॅकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या यादीतून ऑटोस्ट्रेच (मंद भाग ताणून उजळ दाखवणारी सोय) निवडा, तेजोमेघ तिथेच असतो. सिरिल फुकट आहे, तेव्हा या पायरीला खर्च शून्य.

याच पायरीवर आणखी एक फुकटची तुलना करून घ्या. बऱ्याच सेवा प्रत्येक फ्रेमबरोबर एक छोटं जेपेग देतात. ते त्यांनी आपले डार्क-फ्लॅट लावून, ताणून बनवलेलं असतं. हे जेपेग स्वच्छ असेल आणि तुमचं चित्र डागाळलेलं, तर दोष तुमच्या साखळीत आहे, दुर्बिणीत नाही. जेपेगमध्येही तेच डोनट असतील तर त्यांचा मास्टर फ्लॅट (अनेक फ्लॅट एकत्र करून बनवलेला) जुना झाला असण्याची शक्यता बरीच वाढते. अर्ध्या मिनिटात निम्मा तपास होतो, तरी हे जेपेग कोणी उघडून बघत नाही.

२. फाइल कच्ची आहे की आधीच कॅलिब्रेट केलेली?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी इथे मिटतात.

काही सेवा एकाच फ्रेमच्या दोन फाइल्स देतात. एक कच्ची, दुसरी बायस (कॅमेऱ्याने आधीच मिसळलेली रक्कम, चौथी पायरी बघा), डार्क आणि फ्लॅट लावून दिलेली. नावाच्या सुरुवातीला तसा शब्द असतो, पण झिप उघडून सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं आणि सिरिलची तयार स्क्रिप्ट चालवली की ती स्क्रिप्ट नाव वाचत नाही. 'लाइट्स' फोल्डरमध्ये जे असेल त्याला डार्क-फ्लॅट लावते. मग दोनपैकी एक होतं, कधीकधी दोन्ही.

पहिलं, कॅलिब्रेट झालेल्या फ्रेमला पुन्हा फ्लॅट लागतो. समजा कोपऱ्यात मध्याच्या ८० टक्केच प्रकाश पोचतो. एकदा फ्लॅटने भागल्यावर कोपरा मध्याइतका झाला. दुसऱ्यांदा भागल्यावर तो मध्यापेक्षा २५ टक्के जास्त उजळ होतो, आणि प्रत्येक डोनटही उलटून उजळ होतो. डार्क दुसऱ्यांदा वजा झाला तर पार्श्वभूमी थेट शून्यावर आपटते. सिरिलमध्ये फ्रेमची आकडेवारी बघा. किमान मूल्य ० आणि शून्यावर अडकलेल्या पिक्सेलची गर्दी दिसली तर हेच झालंय.

दुसरं, कच्च्या आणि कॅलिब्रेट केलेल्या अशा दोन्ही फाइल्स एकाच स्टॅकमध्ये जातात. एकाच फ्रेमच्या दोन आवृत्त्या मोजल्या जातात आणि निकाल अर्धवट दुरुस्त झालेला दिसतो. फ्रेमची संख्या बुकिंगपेक्षा दुप्पट दिसली तर लगेच हाच संशय घ्या.

खात्री हेडरमधून करायची. सिरिल किंवा अस्टॅप या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून हेडर दाखवा. मॅक्झिम डीएल या कॅमेरा-सॉफ्टवेअरने कॅलिब्रेट केलेल्या फाइलमध्ये 'कॅलस्टॅट' (CALSTAT) नावाची ओळ असते आणि तिच्यापुढे बी, डी, एफ ही अक्षरं, म्हणजे बायस, डार्क, फ्लॅट लावून झाले. तिन्ही अक्षरं दिसली तर त्या फाइलला काहीही लावायचं नाही. नुसती जुळवणी आणि स्टॅक. कॅलस्टॅट नसेल तर 'हिस्टरी'च्या ओळी वाचा, बहुतेक प्रणाली तिथे काय केलं ते लिहितात.

माझा सल्ला विचाराल तर नवीन माणसाने सेवेच्या कॅलिब्रेट केलेल्या फाइल्सवरच काम करावं आणि कच्च्या फाइल्स राखून ठेवाव्यात. स्वतः सगळं करण्याची हौस पहिल्या बुकिंगला नको.

३. हेडर जुळवणं

फाइल कच्ची आहे हे ठरलं आणि डार्क-फ्लॅट तुम्हीच लावणार आहात, तर आता जोडी जुळवायची. लाइट, मास्टर डार्क आणि मास्टर फ्लॅट या तिन्हींची हेडर शेजारी शेजारी उघडा.

डार्कसाठी जुळायला हवं ते : एक्स्पोजरचा वेळ, सेन्सरचं तापमान, बिनिंग (शेजारचे पिक्सेल मिळून एक धरणं), आणि सीमॉस (नव्या प्रकारचा सेन्सर) कॅमेरा असेल तर गेन (सिग्नल किती वाढवायचा) आणि ऑफसेट (किती रक्कम मिसळायची). फ्लॅटसाठी : फिल्टर, बिनिंग, कॅमेरा फिरवणारा रोटेटर असेल तर त्याचा कोन, आणि तारीख जितकी जवळची तितकी बरी.

यात तापमान सगळ्यात जास्त फसवतं. थंड केलेल्या सीसीडी सेन्सरमधला डार्क करंट (प्रकाश नसतानाही उष्णतेने साठणारा सिग्नल) साधारण दर ६ अंशांना दुप्पट होतो. लाइट उणे २५ ला आणि डार्क उणे २० चा असेल तर डार्कमध्ये जवळजवळ पावणेदोन पट जास्त गरम पिक्सेल वजा होतात. मग पार्श्वभूमीवर काळे खड्डे पडतात. उलट असेल तर पांढरे ठिपके उरतात, आणि दुर्बीण हळूहळू सरकत असेल तर स्टॅकमध्ये त्यांच्या रेघा होतात. हेडरमध्ये तापमानाच्या दोन ओळी असतात. एक ठरवलेलं तापमान, दुसरं प्रत्यक्ष. प्रत्यक्षची ओळ वाचा. उन्हाळी रात्री कूलर ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोचला नाही असं होऊ शकतं. शिवाय काही वेधशाळा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळं तापमान ठेवतात. दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आपल्या थंडीत येतो, हेही लक्षात असू द्या. डिसेंबरातल्या फ्रेमला जुलैतला डार्क लावणाऱ्याला ठिपके मिळणारच.

बिनिंग चुकलं तर सॉफ्टवेअर बहुधा तक्रार करतं, कारण फ्रेमची मापंच वेगळी होतात. गेन आणि ऑफसेट चुकले तर मात्र ते गप्प बसतं. म्हणून ते डोळ्यांनीच तपासायचे.

तारखेबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे आपली भारतीय वेळ घोळ घालते. हेडरमधली वेळ युटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. चिलीत उन्हाळ्यात संध्याकाळी ८ वाजता घेतलेला फ्लॅट युटीसीत २३ वाजताचा, आणि त्याच रात्रीची लाइट फ्रेम युटीसीत दुसऱ्या तारखेची. तारखा वेगळ्या म्हणून लोक शेजारचा जवळचा फ्लॅट सोडून भलताच उचलतात. अमेरिकेतल्या युटामध्ये हिवाळ्यात रात्रीचे ८ म्हणजे युटीसी पहाटे ३ आणि आपल्याकडे सकाळचे साडेआठ. तिथली एक रात्र आपल्या दिवसात पडते. तेव्हा तारीख न बघता रात्र बघा : कुठल्या स्थानिक संध्याकाळनंतर ही फ्रेम घेतली?

रंगीत कॅमेऱ्याचे भलते रंग याच पायरीवर सुटतात. फिट्समध्ये चित्राच्या ओळी खालून वर की वरून खाली, हे प्रत्येक प्रणाली वेगळं लिहिते. ओळींचा क्रम उलटला की आरजीजीबी या बेयर रचनेची (पिक्सेलवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरच्या मांडणीची) जीबीआरजी होते, आणि लाल-निळ्याच्या जागी हिरवा वाचला जातो. सिरिलच्या डिबेयर (या मांडणीतून रंग काढण्याच्या) सेटिंगमध्ये हेडरवर विश्वास ठेवण्याचा पर्याय काढून रचना हाताने बदलून बघा. फक्त चार शक्यता आहेत, पाच मिनिटांत बरोबर सापडते.

४. बायस कुणातून वजा झाला नाही?

हेडर जुळलं, दुहेरी कॅलिब्रेशनही नाही, तरी कोपरे उजळ किंवा काळपट. आता थोडं गणित. ते समजलं की चित्राकडे बघूनच दोष सांगता येतो.

कॅमेरा प्रत्येक आकड्यात एक ठरावीक रक्कम आधीच मिसळतो, तिला बायस म्हणतात. समजा बायस १००० आहे, मध्यावर आकाशाचे ५०० काउंट आहेत, आणि कोपऱ्यात ८० टक्केच प्रकाश पोचतो म्हणून तिथे ४००. कच्च्या फ्रेममध्ये मध्यावर १५००, कोपऱ्यात १४००.

लाइटमधून बायस (किंवा बायससकट डार्क) वजा न करता फ्लॅटने भागलं, तर मध्यावर १५०० आणि कोपऱ्यात १४०० भागिले ०.८, म्हणजे १७५०. कोपरा मध्यापेक्षा २५० नी उजळ, आणि खरं आकाश तर ५०० चंच. म्हणून कोपरे आणि डोनट उजळ दिसले आणि फ्रेम कच्चीच असल्याची खात्री असेल, तर लाइटमधला डार्क किंवा बायस गायब आहे. 

उलट, फ्लॅटमधून बायस वजा केला नसेल तर फ्लॅट जेवढा असायला हवा त्यापेक्षा सपाट होतो. मध्यावर २५,००० अधिक १०००, कोपऱ्यात २०,००० अधिक १०००. प्रमाण ०.८ ऐवजी ०.८०८ च्या आसपास. कोपऱ्यातलं ४०० दुरुस्त होऊन ४९५ होतं, ५०० होत नाही. फरक एका टक्क्याचा, पण पुसट तेजोमेघासाठी चित्र जोरात ताणलं की तोच एक टक्का काळपट कडा बनून समोर येतो. फ्लॅट मंद असेल, म्हणजे मध्यावर जेमतेम ३००० प्रकाशाचा, तर चूक सहा टक्क्यांवर जाते. म्हणून मास्टर फ्लॅट मिळाला की त्याची सरासरी बघायची सवय लावा. १६ बिटमध्ये ती साधारण २०,००० ते ३०,००० असेल तर काळजी नाही.

एक छोटा खोडा : मॅक्झिम डीएल कॅलिब्रेट केलेल्या फाइलमध्ये आकडे शून्याखाली जाऊ नयेत म्हणून १०० काउंटची भर घालतं आणि हेडरच्या 'पेडेस्टल' (PEDESTAL) ओळीत उणे १०० अशी नोंद करतं. त्या फाइलला नंतर स्वतःचा फ्लॅट लावणार असाल तर ही भर आधी काढावी लागते. फक्त स्टॅक करणार असाल तर ती असली काय नि नसली काय.

५. डोनट कुठला, ते शोधणं

इथपर्यंत सगळं बरोबर आहे आणि तरी डोनट उरलेत, तर फ्लॅट घेतल्यानंतर धूळ हलली आहे किंवा काहीतरी सरकलं आहे. डोनट म्हणजे धूलिकणाची फोकसबाहेरची सावली. मधलं भोक हे दुय्यम आरशाचं. म्हणूनच रिफ्रॅक्टरच्या, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीच्या फ्रेममध्ये भोक नसलेल्या भरीव चकत्या दिसतात.

सावलीच्या आकारावरून धूळ किती अंतरावर आहे ते काढता येतं. डोनटचा व्यास पिक्सेलमध्ये मोजा, त्याला पिक्सेलच्या मापाने आणि दुर्बिणीच्या एफ-अंकाने (नाभीय अंतर भागिले व्यास) गुणा. अर्धा मीटर व्यासाची, एफ/६.८ ची दुर्बीण आणि ९ मायक्रॉनचे पिक्सेल अशी जोडी घ्या, भाड्याच्या यंत्रणांत ती बरीच चालते. ६० पिक्सेलचा डोनट म्हणजे ६० गुणिले ९ गुणिले ६.८, साधारण ३.७ मिलिमीटर. ही धूळ सेन्सरवरच्या काचेच्या आसपासची. ३०० पिक्सेलचा मोठा डोनट म्हणजे १८ मिलिमीटर, बहुधा फिल्टरवरची.

गणित नको असेल तर दुसरा मार्ग : तोच डोनट सगळ्या फिल्टरच्या फ्रेममध्ये एकाच जागी असेल तर धूळ कॅमेऱ्यावर, एकाच फिल्टरमध्ये असेल तर त्या फिल्टरवर. याचा उपयोग असा की कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ सहसा बराच काळ तिथेच चिकटून असते, म्हणजे थोडा जुना फ्लॅटही चालून जातो. फिल्टरवरच्या डोनटचं तसं नाही. फिल्टर-चक्र दर वेळी अगदी त्याच जागी थांबलं नाही तर सावली काही पिक्सेल सरकते. अर्धा उजळ-अर्धा काळा, उठाव दिलेला डोनट यातूनच होतो. जुन्या फ्लॅटने जुनी जागा उजळ केली, आणि नवी सावली शेजारी तशीच राहिली. इथे त्याच रात्रीचा किंवा लगतच्या रात्रीचा फ्लॅट मिळतो का बघणं हाच उपाय. सेवेच्या कॅलिब्रेशन फोल्डरमध्ये तारखांनुसार संच असतील तर दोन-तीन तारखांचे लावून बघा आणि सगळ्यात कमी उठाव ज्यात दिसेल तो ठेवा.

समोरासमोरच्या जोडीच्या डोनटचं कारण वेगळं आहे. जर्मन विषुववृत्तीय माउंटवर (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा एक प्रकार) दुर्बीण याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना पलटी घेते आणि त्यानंतरच्या फ्रेम १८० अंशांत उलट्या येतात. स्टॅक करताना सॉफ्टवेअर ताऱ्यांवरून त्या सरळ करतं, पण धुळीची सावली सेन्सरला बांधलेली, ती समोरच्या बाजूला जाते. हेडरमध्ये माउंटची बाजू लिहिलेली असते, पूर्व किंवा पश्चिम. दोन बाजूंच्या फ्रेम दोन फोल्डरमध्ये वेगळ्या करा, वेगळ्या कॅलिब्रेट करा. डोनट एकाच बाजूच्या संचात उरले तर पलटीनंतर आतलं काहीतरी झुकतंय असं समजा, आणि ही गोष्ट सेवेला कळवण्याजोगी आहे.

६. हा उतार फ्लॅटचा आहे की आकाशाचा?

रात्रीची पहिली आणि शेवटची फ्रेम स्टॅक न करता शेजारी ठेवा. उजेड सेन्सरच्या त्याच कोपऱ्यात असेल तर फ्लॅट. जागा किंवा दिशा बदलली असेल तर आकाश. फ्लॅटची चूक सेन्सरला चिकटलेली असते, चंद्र आणि क्षितिजाचा उजेड वेळेनुसार फिरतो.

आकाशाचा उतार फ्लॅटने जात नाही. तो स्टॅकनंतर पार्श्वभूमी काढून टाकण्याच्या साधनाने घालवायचा, आणि पुढच्या वेळी बुकिंग करताना टाळायचा. काही सेवा पौर्णिमेच्या आसपास दर उतरवतात. हायड्रोजन-अल्फासाठी, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरसाठी, तो सौदा बरा. ५००.७ नॅनोमीटरच्या ऑक्सिजनला चंद्रप्रकाश जास्त बाधतो, आणि निळ्या किंवा ल्युमिनन्स (सगळे रंग एकत्र घेणाऱ्या फिल्टरच्या) फ्रेमसाठी तर स्वस्त पडूनही महाग. उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची) ३० अंशांच्या खाली असेल तर डोक्यावरच्या तुलनेत दुपटीहून जास्त हवेतून आपण बघतो. तिथला उतार आणि फुगलेले तारे दोन्ही ठरलेले. मुंबईहून ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ फार तर साडेतेवीस अंश वर येतो म्हणून तर आपण सायडिंग स्प्रिंगला जातो. तिथे तो सत्तरीपार चढतो. पण बुकिंग तो मावळतीला असताना केलं तर तिथेही मुंबईसारखंच होईल.

वेळेचा अंदाजही चुकतो. सायडिंग स्प्रिंगला जूनमध्ये खरा अंधार आपल्या दुपारी दोनच्या सुमारास सुरू होतो आणि आपल्या रात्री एकनंतर तिकडे पहाट फुटायला लागते. जेवून निवांत रात्री साडेबाराला एक तास लावणाऱ्याच्या शेवटच्या फ्रेम पूर्वेकडून उजळलेल्या येतात. त्या फ्रेम वेगळ्या काढल्या की उरलेला स्टॅक सुधारतो.

७. तारे लांबुळके

फार लांबत नाही. सगळ्या फ्रेमभर एकाच दिशेने लांबलेले तारे म्हणजे गायडिंग (ताऱ्यामागे दुर्बीण नेमकी फिरवणं) किंवा वारा. काही फ्रेममध्येच असेल तर त्या फ्रेम काढून टाका. एकाच कोपऱ्यात असेल तर कॅमेरा किंचित तिरपा बसलाय, चारही कोपऱ्यांत केंद्राच्या रेषेत असेल तर लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर चुकलंय. शेवटच्या दोन गोष्टी जागेवर हात घातल्याशिवाय सुटत नाहीत. तारेच डोनटसारखे असतील तर फोकस गेलाय.

८. शेवटचा घरगुती उपाय : आकाशातूनच फ्लॅट

योग्य फ्लॅट कुठेच मिळत नसेल तर लाइट फ्रेममधूनच तो बनवता येतो. कष्टाचं काम आहे आणि दर वेळी जमत नाही, म्हणून शेवटी ठेवलं. त्याच दुर्बिणीच्या, त्याच फिल्टरच्या, त्याच सुमाराच्या, पण आकाशाच्या वेगवेगळ्या भागांच्या पंधरा-वीस तरी फ्रेम घ्या. त्यांतून डार्क वजा करा. ताऱ्यांवर न जुळवता, गुणाकाराचं नॉर्मलायझेशन (सगळ्या फ्रेमचा उजेड एका पातळीवर आणणं) लावून, रिजेक्शनसकट (भलते पिक्सेल वगळून) त्या स्टॅक करा. तारे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असल्याने गळून पडतात, उरते ती सेन्सरची आणि धुळीची छाया. लहान दीर्घिकांच्या फ्रेमवर हे छान चालतं. कॅरिना तेजोमेघासारखा विषय चौकटभर पसरलेला असेल आणि फ्रेम सगळ्या त्याच्याच असतील तर नाही चालत, कारण तेजोमेघच फ्लॅटमध्ये शिरतो आणि मग स्वतःलाच पुसतो.

इथे थांबा आणि सेवेला लिहा

पुढच्या गोष्टी दिसल्या तर सॉफ्टवेअरमध्ये एक मिनिटही घालवू नका. हजारो किलोमीटरवरच्या यंत्राला आपण हात लावू शकत नाही, आणि लावायचा प्रयत्नही करायचा नाही. दुरून माउंट किंवा कूलर पुन्हा सुरू करण्याची सोय दिलेली असली तरी.

- फ्रेमवर बर्फाच्या नक्षीसारखे डाग, जे रात्र चढेल तसे आकार बदलतात. सेन्सरवर किंवा त्याच्या काचेवर दव गोठलंय. यावर फ्लॅट नाही.
- प्रत्यक्ष तापमान रात्रभर ठरवलेल्या आकड्याच्या वर राहतं किंवा वरखाली होतं.
- फ्रेमचा काही भाग सरळ कडेने काळा, किंवा तेजस्वी ताऱ्यांतून उभ्या रेघा. शटर अडकतंय, नाहीतर छप्पर-घुमट आड येतोय.
- फ्लॅटमध्येच पाकळ्यांसारखी आकृती. फ्लॅटचं एक्स्पोजर इतकं छोटं घेतलं की शटरची उघडझाप त्यात उमटली.
- तीस सेकंदांच्या फ्रेममध्येही तारे लांब.
- सेवेच्या स्वतःच्या जेपेगमध्ये तेच डोनट, आणि उपलब्ध फ्लॅटपैकी एकानेही जात नाहीत.

उत्तर येईपर्यंत त्या दुर्बिणीवर नवं बुकिंग करू नका. पैसे किंवा पॉइंट परत मागण्याची मुदत नियमांत दिलेली असते, ती आधी वाचा. स्टॅकिंगला 'सवडीने बसू' म्हणून फाइल्स महिनाभर पडून राहतात आणि मुदत निघून जाते. म्हणून फाइल्स आल्या त्याच दिवशी निदान एक फ्रेम ताणून बघाच.

पत्र इंग्रजीतच लिहावं लागेल, पण छोटं चालतं. दुर्बिणीचा क्रमांक, फाइलचं पूर्ण नाव, युटीसी वेळ, फिल्टर, एक्स्पोजर, हेडरमधलं प्रत्यक्ष तापमान, आणि कुठला मास्टर डार्क-फ्लॅट लावला त्याची नावं. सोबत एक न हाताळलेली कच्ची फाइल आणि दोष दाखवणारं ताणलेलं जेपेग. रंग चढवलेलं अंतिम चित्र पाठवू नका, त्यावरून तंत्रज्ञाला काही कळत नाही. 'तुमचा डेटा खराब आहे' एवढ्याच ओळीला उत्तरही तसंच मोघम येतं. 'या फिल्टरच्या फ्लॅटमध्ये डोनट या जागी आहे, माझ्या फ्रेममध्ये बारा पिक्सेल उजवीकडे' असं लिहिलं तर नवा फ्लॅट बहुधा लवकर मिळतो.

तो आला की सगळा संच लगेच चालवायला घेऊ नका. एक लाइट फ्रेम, नवा फ्लॅट, जुळणारा डार्क, एवढंच करून ऑटोस्ट्रेच लावा आणि कोपरे बघा. ते सपाट असतील तरच बाकीच्या फ्रेम रांगेत टाका.